टक्

आसूदच्या चढाला यायचा तो आवाज.
उजवा पाय खाली गेला की टक्.
सपाटीला गप्प, उताराला गप्प.

मी रविवारचा सायकलवाला,
एरवी पतपेढीत पासबुकं छापतो.
ओटीवर उलटी ठेवली तिला,
चेन रॉकेलात भिजवली,
जुन्या टूथब्रशने दातन्‌दात घासला,
खाऱ्या वाऱ्याचा तांबूस गाळ निघाला वाटीभर.
पेडल काढलं, लावलं.
आसूद. टक्.

पुण्याहून नवी चेन मागवली.
टक्.
बायको म्हणाली, त्यापेक्षा चढ बदला.

शेवटी हर्णै, होडेकरांकडे.
बोटींची इंजिनं उघडणारा माणूस.
सायकल दोन बोटांवर तोलून म्हणाला,
"वाऱ्याला उडत नाय ही?"
मग मला बंदराच्या रॅम्पवर चढायला लावलं,
स्वतः मागून, कान वाकडा करून.
"उभं राहून मारा."
आवाज गेला.
"बसा."
टक्.
"पायात नाय ओ. बुडाखाली हाय."

सीटचा दांडा उपसला,
आत पापडखारासारखं पांढरं.
फडक्याने पुसून
बोटीच्या पंख्याचं ग्रीस फासलं बोटभर.
पैसे विचारले तर म्हणाला,
आधी टायर जाड घाला,
जांभ्याच्या खडीवर हे दोरे कशाला?

घातले. अठ्ठावीसचे.
आसूदला आता फक्त माझी धाप,
आणि परवापासून
मागच्या चाकात कुठेतरी
अगदी बारीक, काहीतरी.

अजून कोणाला सांगितलेलं नाही.