दोनशे वीसवर थांबलो

वूस्टरला, धारेची चाकं घडवणाऱ्या कारखान्यात
मी एकोणीस वर्षं दाणे चाळले.
शाळेत मुली चिडवायच्या, शालन चाळण,
तर तसंच झालं.

साठ नंबर म्हणजे इंचात साठ घरं.
पडला तो पुढच्या चाळणीचा,
अडकला तो आपला.
आकडा चढतो तसा दाणा उतरतो,
हे नव्या पोरांना दर सप्टेंबरात समजवावं लागे.
मी तोंडानं मायक्रॉन म्हणायचे
आणि मनात लापशीचा रवा, उपम्याचा रवा,
लाडवाचं बेसन.

दोनशे चाळीसच्या पुढे चाळण हात टेकते.
मग पूड पाण्यात सोडायची
आणि घड्याळ लावून बसायचं.
आधी तळ गाठेल तो जाड.
डबा खाऊन आलो तरी जो तरंगतोच आहे
तो आरशाच्या कामाचा.

लेनार्ट एकडाल माझ्या आधी निवृत्त झाला.
त्याच्या तळघरात चार चाकं, एक बादली,
खिळ्याला टांगलेला हातानं आखलेला तक्ता:
अमेरिकी हजार, नऊ मायक्रॉन.
युरोपी हजार, अठरा.
जपानी मधेच कुठेतरी, चौदा-पंधरा.
"हजार म्हणजे कुणाचे हजार, ते आधी विचारावं."
मी त्याला शेराचं सांगितलं,
बाजार बदलला की शेर कसा बदलायचा.
त्यानं ते तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं टिपलं,
स्पेलिंग चुकवून.

जानेवारीत मी त्याच्याकडे विळी नेली.
टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर,
कुणाला काही न सांगता.
त्यानं ती उलटसुलट पाहिली.
"म्हणजे पातं बसून राहतं आणि माणूस हलतो?"
"माणूसही बसूनच," मी म्हटलं.

धार आतल्या बाकाला, चाक मोठं. भिडेना.
शेवटी सगळ्यात लहान चाकाच्या कडेवर धरली.
ऐंशीनं खांडं गेली, ठिणग्या बादलीपर्यंत.
दोनशे वीसनं ऐंशीच्या रेघा पुसल्या.
मग हजार, पाणी घालत घालत, अर्धा तास,
पात्यात बल्ब दिसेपर्यंत.
गडी खूश. मी पण.

जमिनीवर पोतं टाकून बसले,
पाटावर पाय, हातात टोमॅटो.
टोमॅटो घसरला.
पुन्हा धरला, पुन्हा घसरला,
एवढी लखलखीत धार, आणि सालीला ओरखडा नाही.
लेनार्टला पटेना. तोही खाली बसला,
गुडघ्यांचे आवाज करत.
त्याचाही घसरला.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग भिंगातून धार पाहिली आणि म्हणाला,
"फार गुळगुळीत केलं आपण. हिला दात हवेत."
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
एकोणीस वर्षं मी दाणे मोजले,
त्यांनी काय कापलं जातं ते नाही.

परत दोनशे वीस. दोन हात, हलके. बस.
या खेपेला टोमॅटो नुसता टेकवला
आणि साल आपणहून उघडली.

मीठ त्यानं वरून आणलं.
आम्ही खालीच बसून खाल्लं,
कारण पुन्हा उठायचं दोघांच्याही जिवावर आलेलं.
तळघराच्या खिडकीबाहेर
बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत गेली,
खालच्या वाळूसकट.

कान देऊन तो म्हणाला, "सोळा."
मी म्हटलं, "चोवीस तरी असेल."