शेरा

हमीपत्रातलं सातवं कलम मी वाचून दाखवतो:
शिष्यवृत्ती नामंजूर झाल्यास
संपूर्ण शुल्क विद्यार्थ्याने भरावे.
सुगंधी पावसे, हर्णै, दुसरं वर्ष.
ऐकते. सही करते. मग खिडकीत वाकून,
"वीस जुलै जरा पुढे नाही ढकलता येणार?
एक ऑगस्टला सुटतील बोटी."

नियमात मृत्यू आहे, आजारपण आहे,
वडिलांची बदलीसुद्धा.
शाकारलेली होडी नाही.

सोड्यांच्या डब्यात आईनं जपलेले अठराशे
तिनं पुढे सरकवले.
दोनदा मोजले. दिवसभर बोटांना वास.
बाकी रकमेसमोर, शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं: समुद्र बंद.

आज फाईल परत आलीय.
खाली साहेबांची लाल शाई:
कोणाच्या आदेशाने?