तिरकी येते, सरळ जाते

शुक्रवारी साडेतीनला मिसेस थॅक्रे म्हणाल्या,
भूगोलाचे सर पाठीच्या ऑपरेशनला गेलेत,
सोमवारपासून नववी तुमच्याकडे.
धडा: किनाऱ्याची झीज.
आणि फाइल माझ्या हातात दिली
जसं कुणी शेजारणीच्या कडेवर
रडकं पोर सोपवून बस पकडायला पळतं.

मी रसायनशास्त्राची.
ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा थेंब
केव्हा पडेल, केव्हा सगळं गुलाबी करेल,
हे मला अंधारातही सांगता येईल.
भूगोल दहावीतच सुटला,
गोदावरी हिरव्या रंगात काढल्यामुळे
गेलेल्या अर्ध्या मार्कासकट.
आणि जालन्याला कुठला समुद्र?
मोसंबी, लोखंडाच्या भट्ट्या,
आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी.
भरती मी अठ्ठाविसाव्या वर्षी पाहिली,
तीही बसच्या खिडकीतून,
शाळेच्या मुलाखतीला येताना.

या विदर्नसी गावात दीपगृह गावाच्या पोटात उभं आहे,
घरांच्या रांगेत,
चुकून दुसऱ्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखं.
मी रोज त्याच्यापाशी वळते.
आमचं बरं जमतं.

शनिवारभर किटलीला शिकवलं:
बोल्डर क्ले. लॉन्गशोर ड्रिफ्ट.
किनारा वर्षाला साधारण दोन मीटर मागे सरतो.
आवाज खणखणीत, वाक्य बरोबर,
पण उसन्या पैशांनी केलेल्या बाजारासारखं
काहीतरी खिशात टोचत राहिलं.

म्हणून रविवारी कडा बघायला गेले.
रस्ता होता, मधली पांढरी रेघ होती,
मग रस्ता नव्हता.
खाली चहासारखा समुद्र, दूध जास्त झालेला.
शेवटच्या घरामागे एक बाई कपडे काढत होती,
वाऱ्याशी भांडत, तोंडात चिमटे.
दोरीचे चार खांब होते, म्हणाली, हा दुसरा.
समुद्राकडे न बघता म्हणाली,
गॅसचं बिल सांगावं तसं.
नवीन टीचर ना तुम्ही? आमचा कीरन तुमच्याच वर्गात.
बोलणार नाही तो. पण दर महिन्याच्या एक तारखेला
मागच्या दारापासून पावलं मोजतो.
गेल्या खेपेला एकोणीस.

वही पिशवीत होती. काढली नाही.
एकोणीस, एकोणीस करत घरी आले,
वाण्याकडे पाठवलेल्या मुलीसारखी.

रात्री ओट्यावर बेकिंगचा ट्रे,
एका कडेला मसुरीच्या डाळीचा किनारा,
वाटीने पाणी लोटलं, तिरकं.
लाट तिरकी येते, डाळ वर चढवते,
परतताना मात्र सरळ उतारानं जाते.
पुन्हा तिरकी. पुन्हा सरळ.
दहाव्या लाटेला एक दाणा
निघाला होता तिथून वीतभर लांब होता
आणि त्याला कुणी ढकलल्यासारखं
एकदाही दिसलं नव्हतं.
मी वाटी खाली ठेवली.
बराच वेळ त्या दाण्याकडे बघत बसले.

पाठ टाचणातला पहिला रकाना: उद्दिष्ट.
लिहिलं, विद्यार्थ्यांना झीज म्हणजे काय ते कळेल.
खोडलं. त्यांना कळतं.
लिहिलं, एकोणीस.
तेही खोडलं, तो आकडा कीरनचा,
द्यायचा तर तो देईल.
शेवटी लिहिलं, ट्रे, वाटी, डाळ (कोरडी, अर्धा किलो),
आणि खाली, बारीक अक्षरात,
आधी विचारायचं. मग थांबायचं.
थेंबासाठी थांबतो तसं.

साडेदहा झाले होते. डाळ भिजून फुगलेली,
टाकवेना.
अख्खा किनारा कुकरला लावला,
हळद, हिंग, दोन मिरच्या.
तिसऱ्या शिट्टीला वरच्या मजल्यावरच्यानं
काठीनं ठोकलं.
सॉरी, म्हटलं छताकडे बघून,
अभ्यास चाललाय.