अकरा किलोमीटर

मी मागवली होती राखाडी, बिनक्लचची,
तीन वर्षांच्या भाडेकरारावर, महिना एकवीस हजार चारशे.
ऑर्डरच्या कागदावर दोनदा लिहिलं होतं: ऑटोमॅटिक.
दुसऱ्यांदा मी स्वतः, शाईच्या पेनाने,
कारण डाव्या पायाचं आणि माझं
मी चार वर्षांची असल्यापासून फारसं पटत नाही.

आली ती पांढरी.
मुलुंडच्या भर दुपारी, सोसायटीच्या फाटकात,
झेंडूचा हार घालून.
दार उघडलं तर खाली तीन पेडल.
मी मोजली. पुन्हा मोजली.
मोजणं हा आमचा धंदाच आहे:
मशीद बंदरला वडिलांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान,
आता माझं.

"मॅडम, हे वरचं मॉडेल," पोहोचवायला आलेला मुलगा म्हणाला.
खिशावर नाव होतं, पराग भोपी.
"हिला सनरूफ आहे."
बटण दाबून त्याने मला आकाश दाखवलं.
डावा पाय कुठे ठेवायचा, ते आकाशात नव्हतं.

मग टॅब पुढे केला. इथे बोटाने सही, तपासली, मान्य.
वडील म्हणायचे, शिक्का मारण्याआधी
रिकामी पारडी बघ,
काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं वजन खोटं.
मी बोटाने लिहिलं, वेडंवाकडं, चौकटीबाहेर जात:
मागवलेली ही नाही.
पराग बावरला. "असं लिहिता येतं?"
येतं रे. जागा आहे ना.
आणि फोटो काढतेय, मीटरचाही,
तू हवं तर हस.

कंपनीच्या फोनवर आधी सतार, मग मिस ग्लॅडिस,
आवाज लोण्यासारखा:
"कलम चौदा बघा. समतुल्य वाहन देण्याचा हक्क
आम्ही राखून ठेवला आहे."

समतुल्य.
बाई, ह्या शब्दाच्या पोटात तराजू आहे.
दोन पिढ्या आम्ही भुसारवाल्यांच्या पारड्यांखालून
मेणाचे गोळे खरवडून काढले.
चिंचोक्याएवढा पासंग,
आणि वर्षाकाठी पोतंभर साखर गायब.
माझे दोन पायसुद्धा समतुल्य नाहीत,
पण डावा पाय उजवा म्हणून
मी कुणाच्या गळ्यात मारत नाही.

भाडं मात्र वेळेवर कापलं गेलं.
बँकेचा मेसेज, सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी.
दुसऱ्या महिन्यातही.
सेक्रेटरी कोटियनांची चिठ्ठी:
पाहुण्यांच्या जागेत ही गाडी अजून किती दिवस?
शेजारणीचा जावई म्हणाला, ड्रायव्हर ठेवा की,
कोर्टकचेरीत आयुष्य जाईल.
भला माणूस. एक चक्कर मारायला किल्लीही मागितली त्याने.
दिली नाही.

किल्ली गव्हाच्या डब्यात.
ईमेल छापून, तारखेप्रमाणे, टाचणीने.
नोटीस. तिला उत्तर नाही.
मग तक्रार. वकील नाही, मीच.

ग्राहक आयोगापुढे कंपनीचे वकील म्हणाले,
वाहन सव्वाचार महिने ह्यांच्या ताब्यात आहे,
ह्यांनी उपभोग घेतला आहे.
उपभोग!
बोटभर धूळ आहे हो तिच्यावर,
मागच्या काचेवर पोरांचा फुल्ली-गोळा खेळून झालाय,
सात डाव, वायपरखाली शिकवणीची पत्रकं.

सदस्यबाईंनी चष्मा वर सरकवला.
"किलोमीटर किती झालेत?"

मी त्या दिवशीचा फोटो ठेवला. शेजारी कालचा.
दोन्हींत एकच आकडा.
गोदामापासून माझ्या फाटकापर्यंत
परागने आणली तेवढे अकरा,
त्यातला एकही माझा नाही.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.
वकिलांनी उगाच काहीतरी चाळलं.
निकाल नाही. पुढची तारीख सतरा.

टॅक्सी करून दुकानावर गेले.
कांदेवाल्या छेडांचा काटा येऊन पडला होता,
वीस ग्रॅमने लबाड.
पिशवी खाली ठेवली,
आधी रिकामं पारडं पुसून घेतलं.