बिंदलीचं माप

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला,
उधाणाची ओहोटी खाडीचं पोट उघडं टाकून गेली
तेव्हा मी माझी चौकट घेऊन उतरलो.
चार पाइप, चार कोपरे, मीटर बाय मीटर,
आणि पिशवीत चाळीस कोरे तक्ते.

मी घाटावरचा.
पहिल्याच पावलाला एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली.
वाकलेल्या सहा बायका हसल्या.
सातवी, मथुराबाय कोयंडे, हसली नाही.
"वाकान मोजतलंस काय उभ्यान?" एवढंच म्हणाली.

चौकट टाकायची. आतला चिखल चाळायचा.
तिसऱ्या मोजायच्या, लिहायच्या.
पहिल्या चौकटीत सहा.
दुसऱ्या चौकटीत दोन.
तिसऱ्या चौकटीत एकही तिसरी नाही:
खेकड्याची नांगी, बिस्किटाच्या पुड्याचा कागद.
शून्य लिहिताना माझा हात अजून थांबतो.
वाटतं, आपणच नीट चाळलं नसेल.

मथुराबाय बघत नाही.
पायाचा अंगठा चिखलात फिरवते,
अंधारात दाराची कडी चाचपावी तसा,
आणि कडी लागते.

तिच्या परसात, माडाच्या आळ्यापलीकडे,
शिंपल्यांचा ढीग आहे, माझ्या खांद्याएवढा.
सासूने सुरू केलेला, हिने वाढवलेला.
मी बाजूने उकरत गेलो. कॅलिपर लावला.
तळाला अठ्ठावन्न मिलिमीटर,
मग एक्कावन्न, मग त्रेचाळीस,
आणि वर, चार-पाच वर्षांपूर्वीच्या थरात, एकोणतीस.
पन्नास वर्षांचा माझा तक्ता
या घराने खरकट्यात भरून ठेवला होता.

"रेतीचे पंप," मी म्हणालो.
"व्हय."
"वरचं धरण. गोडं पाणी अडलं."
"व्हय." शिंपी फोडता फोडता
तिने माझ्याकडे पाहिलं.
"आणि आमीय. आमीय वरबाडलां."

ठरलं ते रेशनच्या रांगेत.
नातीच्या बारशाची चांदीची बिंदली
मथुराबायने कमरेच्या पिशवीतून काढली.
हिच्यातून पार जाईल ती तिसरी परत खाडीत.
आणि खडपापासून तिवरांपर्यंतच्या पट्ट्यात
पाय घालायचाच नाही.
तिथे एक काठी रोवली,
तिला कुणाच्या तरी परकराची नेस.

पहिल्या वर्षी टोपल्या अर्ध्याच भरल्या.
घराघरांत त्यावरून भांडणं झाली,
ती कुठल्या रकान्यात लिहायची मला माहीत नाही.
एकदा रात्री, पाहुणे आले म्हणून,
सुलोचनाने काठीपलीकडून पातेलंभर उचलल्या.
कुणी शब्द काढला नाही.
सकाळी तिच्या उंबऱ्यावर
सहा रिकाम्या शिंपा होत्या, पालथ्या.

ऑफिसात साहेबांनी अहवालावर लाल गोल केला:
बिंदली हे प्रमाणित एकक नाही.
मी म्हणालो, छत्तीस मिलिमीटर आहे, सर, आतून.
म्हणाले, आणि मूल वाढलं की?
नात चौथीत गेली, सर.
बिंदली वाढली नाही, म्हणून तर मापाला बरी.

आज काठीपलीकडे चौकट टाकली.
मथुराबायने आधी काठीला विचारल्यासारखं केलं,
मग मला म्हणाली, टाक.
अकरा.
त्यातल्या नऊ माझ्या नखाएवढ्या,
इतक्या पातळ की आतला उजेड दिसावा.
एका पट्ट्यातल्या अकरांवरून काही म्हणता येत नाही,
हे मला शिकवलेलं आहे.
मी काही म्हणालो नाही.
अकराही होत्या तिथे ठेवल्या.

"चल, पाणी भरता हा," ती म्हणाली,
आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली,
मागे न बघता.

चौकट खांद्यावर अडकवून मी निघालो, अनवाणी.
पोटऱ्यांना भरती लागत होती.
मधेच अंगठ्याखाली काहीतरी कडक आलं.
वाकलो नाही. मोजलं नाही.
पाय उचलून हलकेच पुढे ठेवला.

माझी चप्पलही असेल ती.