डावा हात

दुसरा गियर निसटायचा.
धारूरच्या घाटात, तेलगावकडून चढताना,
नेमका त्या वळणावर जिथं कठड्याचे दोन दगड
कुणीतरी धडकून खाली नेलेत.
खट्.
मग इंजिन नुसतंच ओरडत राहायचं
आणि गाडी, कुणाचीच नसल्यासारखी, मागं घरंगळायची.

मागच्या सीटवर थर्माकोलचा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात बासष्ट माणसांचं रक्त.
बाराच्या आत अंबाजोगाई.
मी दांडा पुन्हा मागं ओढायचो
आणि घाट संपेपर्यंत तसाच दाबून धरायचो.
यालाच मी उपाय समजत होतो.

शफिउद्दीन मिस्त्रीला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं हातोडा, ग्राइंडर, ट्रकांचे हॉर्न.
केजच्या नाक्यावर कुणालाही विचारा,
त्याच्याशी बोलायचं तर नसरीनशी बोला.
ती गाडीखालून निघाली, हात फाटक्या पायजम्याला पुसत.
"कधीपासून निसटायलाय?"
आठ दिवस झाले असतील, मी म्हणालो.
तिनं माझ्याकडं बघितलं
आणि बापाला दोन बोटं दाखवली. महिने.

म्हातारा खड्ड्यात उतरला.
हातभर पेचकसाचं टोक गियरबॉक्सला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
"क्लच दाबा," नसरीन खिडकीतून. "सोडा. आता दाबा."
सोडला की त्याच्या भुवईत काहीतरी हलायचं,
दाबला की थांबायचं.
आख्खा नाका गोंगाट करत होता. एक तोच
जबड्याच्या हाडानं
एका बेअरिंगचं रडणं ऐकत होता.

बूच काढलं तर काळं, पातळ, जळकं तेल आलं.
बुचाच्या चुंबकाला लोखंडाच्या चुऱ्याची मिशी फुटलेली.
"अब्बू विचारायलेत, तेल कधी बदललं?"
दर दहा हजाराला, मी तडफेनं.
"इंजिनाचं नाही. याचं."
याचं वेगळं असतं
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
"लोकांचं रक्त रोज नेता की," ती म्हणाली,
आणि पुढं काही बोलली नाही.

संध्याकाळी त्यानं माझ्या तळहातावर काटा ठेवला,
गियर सरकवणारा, पितळी टोकांचा.
एक टोक जाड. दुसरं
घासून घासून नखाएवढं राहिलेलं.
कसं झिजलं, मी खुणेनं विचारलं.
त्यानं माझा डावा हात धरला,
दांड्याच्या मुठीवर नेऊन ठेवला
आणि वरून दाबला, हळूच,
जितकं वजन हात नुसता विसावला तरी पडतं तितकंच.

अंगठा खळग्यात बरोबर बसला.
खळगा माझा नव्हता.
आठ महिन्यांत प्लास्टिक इतकं झिजत नाही.
आर.सी. बुकात आधीचं नाव होतं,
लिंबाजी गित्ते, घाटनांदूर.
त्याला मी कधी पाहिलं नाही,
पण आम्ही दोघांनी मिळून हा काटा खाल्ला.

बिलाच्या मागं नसरीननं लिहिलं:
चाळीस हजाराला गियरचं तेल, नव्वद नंबर.
पुरी थांबल्याबिगर रिव्हर्स टाकू नका.
क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नाही.
रात्री खाली पुठ्ठा टाकत जा, डाग पडला की या,
निसटायला लागल्यावर नका येऊ.

दुसऱ्या दिवशी घाट.
गियर पडला आणि पडल्या जागी राहिला.
आता डाव्या हाताला काम उरलं नाही.
स्टिअरिंगवर ठेवला, तर नवख्या पोरासारखा अवघडून बसला.
कठड्याच्या त्या वळणापाशी बघतो, तर
गुपचूप परत लिंबाजीच्या खळग्यात.
उचलला.
आडसच्या अलीकडं पुन्हा.
पुन्हा उचलला.

अंबाजोगाई येईपर्यंत सतरा वेळा.
डबा उतरवून घेणाऱ्या पोराला मी हे सांगितलं.
तो म्हणाला, सही करा, बाराला पाच कमी आहेत.