दोन किलो

शिडीचा वरून दुसरा दांडा तुटला तेव्हा
माझ्या हातात एकच संत्रं होतं.
ते मी सोडलं नाही, असं विशाखा सगळ्यांना सांगते,
मला बक्षीस मिळाल्यासारखं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.
म्हणाले, कमरेजवळचा मणका चेपलाय.
चेपलेलं मला कळतं.
चेपलेलं फळ कॅरेटमध्ये जात नाही,
बाजूच्या ढिगात पडतं
आणि संध्याकाळी कुणीतरी ते गाईपुढे टाकतं.

दीड महिना पाठीवर. मग पट्टा.
मग दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
दोन किलो म्हणजे किती, मी विचारलं नाही.
बावीस किलोची शंभर-सव्वाशे कॅरेट
मी दिवसाला ट्रकात चढवली आहेत.
व्यापारीसुद्धा काट्यावर ठेवायच्या आधी
माझ्या तोंडाकडे बघायचे.

सकाळी सात वाजता विशाखा बागेत जाते, छाटणीला.
देवकाबाई येऊन तक्षूला आंघोळ घालून जाते.
दहापर्यंत घराची मुकादम यशोधरा, वय वर्षं सहा.
तिने बाहुलीच्या कमरेला माझा जुना दुपट्टा आवळलाय.
"हिले उचलू नोको रे तक्षू,
हिचा मनका चेपला.
ही आता फक्त पाह्यते."

मी फक्त पाहतो.
टिनाला खिळ्यांची सतरा भोकं आहेत.
अकराच्या सुमारास त्यातल्या एकाचा कवडसा
भिंतीवरून उतरतो, तक्षूच्या पोटावर चढतो,
तो त्याला चिमटीत धरायला बघतो.
दिवाणाखाली एक मोजा, रिमोटचा एक सेल
आणि मागच्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं चाक.
खालून पाहिलं की दोन वर्षांचा पोरगा
केवढा उंच दिसतो.

"बाबा, घे."
दोन्ही हात वर,
पोलिसाने सांगितल्यासारखे.
बस माह्याजवळ, मी म्हणतो. गोष्ट सांगतो.
गोष्टीतला हत्तीसुद्धा त्याला कडेवरूनच पाहायचा असतो.
हात वरच.
मग एक हात खाली येतो, दुखतो म्हणून.
मग दुसरा.

अंगणवाडीच्या ताईंनी त्याला झोळीत टांगून मोजलं,
अकरा किलो चारशे, कार्डावर हिरव्या पट्ट्यात.
सगळे खूश.
मी मनात हिशेब केला,
अर्ध्या कॅरेटहून जरासा जास्त.

आणि एका मंगळवारी त्याने हात वर केलेच नाहीत.
आला, उभा राहिला, माझा पट्टा बोटाने दाबून पाहिला
आणि देवकाबाईकडे गेला.
त्या दुपारी मी पट्टा तीनदा सोडला, तीनदा बांधला.
करकर आवाज करत उघडतो तो.

बुधवारी तो फाटकातून निसटला.
रस्त्यावर संत्र्याचा ट्रक मागे येत होता,
त्याचं ते पीं पीं पीं.
उठायला मला वेळ लागतो. आधी कूस, मग कोपर,
मग पाय खाली, डॉक्टरांनी शिकवलं तसं.
मी कुशीवर होतो तेव्हा ओरडलो.
काय ओरडलो आठवत नाही, नाव नव्हतं ते.
समोरच्या पिंपळावरचे कावळे उठले म्हणे.
तो जागीच बसला, मातीत, ढुंगणावर,
आणि रडायला लागला.
यशोधरा त्याला ओढत घेऊन आली,
स्वतः त्याच्याहून थोडीच मोठी,
वाटेत दोनदा टेकवत.
"काहून ओरडले एवढे? घाबरलं ना ते."

रात्री तो माझ्याच चटईवर झोपला,
तोंड उघडं, कपाळाला घाम, केसांना सालीचा वास.
विशाखाने हात न धुताच थोपटलं असणार.
ती म्हणाली, हलू नका आता.

मी ओंडक्यासारखा कुशीवर वळलो,
कंबर आणि खांदे एकदम.
हात त्याच्या मानेखाली सरकवला,
आणि नुसतं डोकं, फक्त डोकं,
चटईपासून बोटभर वर घेतलं.

माझ्या हाताला वजन कळतं.
दोन किलो.
वर असेल तर शे-दीडशे ग्रॅम,
कुणाला सांगू नका.